चहा मागणारा जनरल

भांडायला गेलेल्या घरी अण्णा चहा मागायचे.

बांधावरून तात्यांशी वाजलं, की दिवेलागणीला अण्णा पायात चपला सरकवून त्यांच्या सोप्यात जाऊन बसायचे. पहिलं वाक्य बांधाचं कधीच नसायचं. "वैनी, च्या टाका की जरा. सकाळपासनं घशाखाली काय गेलं न्हाई." आत भांड्यांची आदळआपट व्हायची. काकूंचा राग त्या आवाजातच कळायचा. पण दिरानं तोंडानं मागितलेला चहा नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. चहा यायचा. कपबशी हातात आली, की तात्यांनाही समोर टेकावं लागायचं. बशीत ओतून फुंकर मारत दोन घोट झाले, की मग अण्णा म्हणायचे, "हं, आता बोला. किती वाव सरकलाय म्हणता?"

आईला हे मुळीच खपायचं नाही. "घरात च्या मिळत न्हाई काय तुमास्नी? ज्येनं आपल्यावर तलाठी आणला त्येच्या दारात जाऊन मागायचा?" अण्णा हसायचे. बांधाचं भांडण काही मिटलं नाही, ते अजून आहे. पण आमच्या आणि तात्यांच्या घरात बोलणं कधी तुटलं नाही. आमच्या भावकीत ही गोष्ट साधी नाही.

आमचं गाव कृष्णाकाठचं, शिरोळ तालुक्यातलं. सैनिक टाकळी आमच्याच तालुक्यात. तिथं घरटी माणूस फौजेत, त्यामुळे आसपासच्या गावांतही दहावी झालेलं पोरगं आधी भरतीला पळायला लागतं आणि मग बाकीचा विचार करतं. अण्णाही असेच पळाले. बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरूट म्हणून घासले गेले, मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली आणि नायब सुभेदार होऊन परत आले. सोबत एक काळी ट्रंक, गुडघेदुखी आणि ही चहा मागायची सवय.

सवय कुठली, हे मला फार उशिरा कळलं.

अण्णा नायक या हुद्द्यावर असतानाची गोष्ट. बटालियन उत्तर सिक्कीममध्ये होती आणि त्यांची कंपनी वर, बारा-तेरा हजार फुटांवरच्या चौकीत. तिथं डाळ कुकरशिवाय शिजत नाही, पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ, आणि बंकरात रॉकेलच्या बुखारीचा, म्हणजे शेगडीचा, वास इतका मुरलेला की सुट्टीवर घरी आले तरी आई आठ दिवस त्यांचे कपडे वेगळे धुवायची. पत्ता म्हणजे पलटणीचं नाव आणि पुढं '९९ एपीओ'. त्या आकड्यावर महाराष्ट्रातून निघालेलं निळं आंतरदेशीय पत्र दहा-बारा दिवसांनी पोचायचं. रस्ता बंद असला तर महिन्यानं.

डाक आली, की हवालदार एकेकाचं नाव पुकारायचा. नाव पुकारलेला माणूस पत्र घेऊन कोपरा गाठायचा. कंपनी कमांडर मेजर होते, केरळचे. मराठी त्यांनी जवानांकडूनच उचललेली, त्यामुळे व्याकरण कच्चं आणि शिव्या पक्क्या. ते लांब उभे राहून सिगारेट ओढत होते. खानापूरकडच्या एका पोरानं पत्र घेतलं, वरचं अक्षर पाहिलं आणि न उघडता ते जर्सीच्या आत सरकवलं. एवढंच झालं. अण्णा शेजारीच होते, पण त्यांना त्यात काही दिसलं नाही.

मेजरसाहेबांना दिसलं. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात आले, एका जेरिकॅनवर बसले आणि त्या पोराला म्हणाले, तुझ्याकडे गूळ आहे म्हणे घरचा. मला गुळाचा चहा पाज. आमचा कुक नुसतं गरम पाणी देतो.

पोरगं गडबडलं. मग कामाला लागलं. गूळ फोडला, दूध पावडरीचं, ते फाटू नये म्हणून आधी कोरा चहा उकळून खाली उतरवला. साहेब विचारत होते, गूळ आधी की नंतर? उसाला पाणी कोण पाजतं? म्हशी किती? पोरगं हातानं काम करता करता बोलत गेलं. हात कामात असले की माणूस बोलतो, हे अण्णांचं म्हणणं. भाऊ वाटणीवरून भांडतोय, मागच्या पत्रात जमीन विकीन म्हणून धमकी दिली होती, आणि आताच्या पत्रावरही त्याचंच अक्षर होतं. म्हणून ते उघडलं नव्हतं. तीन रात्री झोप नव्हती, आणि या तीन रात्री तो पहाऱ्यालाही उभा होता.

साहेबांनी पत्र मागितलं नाही. म्हणाले, तू वाच, मी इथंच बसतो.

पोरानं पत्र फोडलं. आत म्हैस व्यायल्याची बातमी होती. रेडी झाली, एवढंच.

हे सांगताना अण्णा अजून हसतात. मेजरसाहेबांनी तरीही बटालियनमार्फत कलेक्टरला जमिनीबद्दल पत्र पाठवायला लावलं. जवानाच्या घरच्या जमिनीचा तंटा असला की पलटणीतून जिल्ह्याला असं पत्र जातं. चार महिन्यांनी उत्तर आलं, प्रकरण चौकशीखाली आहे. ते पुढंही चौकशीखालीच राहिलं असणार. पण पोरगं झोपायला लागलं.

"साहेबाला च्या नको हुता," अण्णा म्हणाले.

"मग?"

"बसायला कारण पायजे हुतं."

मी बँकेत आहे. तीन वर्षांपूर्वी आम्हा शाखाधिकाऱ्यांना दोन दिवसांच्या एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. विषय, इमोशनल इंटेलिजन्स. प्रशिक्षक चांगला, टापटीप, कॉलरला माइक लावलेला. त्यानं सांगितलं की पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय लेखात मांडली. आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या, त्या हाताळायच्या आणि त्यांचा विचारासाठी उपयोग करायचा, ही एक क्षमताच आहे. इथपर्यंत मला पटलं. मग त्यानं आम्हाला फुगे फुगवायला लावले आणि शेजारच्याच्या डोळ्यांत बघून 'मला आत्ता काय वाटतंय' ते सांगायला लावलं. माझ्या शेजारचे गृहस्थ निवृत्तीला चार महिने उरलेले. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मॅडम, भूक लागली आहे."

'भावनिक बुद्धिमत्ता' हा मराठी शब्द मला कधी जवळचा वाटला नाही. आमच्याकडे त्याला माणूस ओळखणं म्हणतात. वैद्याला नाडी कळते, बैलबाजारातल्या जुन्या माणसाला जनावराच्या पावलावरून कळतं, तसं. आणि फौजेत ते असतं यावर माझा विश्वासच नव्हता. फौज म्हणजे हुकूम, फौज म्हणजे 'यस सर'. अण्णांची ती गुळाच्या चहाची गोष्ट मी त्या प्रशिक्षणाहून आल्यावर, फुग्यांची थट्टा करताना ऐकली.

आणि त्यानंतर काही महिन्यांनी जनरल थोरातांची गोष्ट वाचली. ती वाचून झाल्यावर मी पुस्तक पालथं घातलं आणि बराच वेळ तशीच बसले.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात आमच्याच कोल्हापूरकडचे. सँडहर्स्टला शिकलेले, त्या पिढीतल्या मोजक्या हिंदी अधिकाऱ्यांपैकी. कोरियातलं युद्ध २७ जुलै १९५३ ला थांबलं तेव्हा ते मेजर जनरल होते. युद्ध थांबलं, पण एक पेच उरला. दक्षिणेच्या बाजूला असलेल्या कैद्यांपैकी बावीस हजारांहून जास्त कैदी, बहुतेक चिनी आणि बाकीचे उत्तर कोरियाचे, आम्हाला मायदेशी जायचं नाही म्हणत होते. उत्तरेच्या ताब्यातही असे साडेतीनशेच्या वर होते; त्यांत तेवीस अमेरिकन आणि एक इंग्रज. यांचं मन खरंच तसं आहे की कुणी धाक घातलाय, हे ठरेपर्यंत त्यांना सांभाळायचं कुणी? दोन्ही बाजूंना चालेल असा देश हवा होता. पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या. आणि कैदी राखायला भारताची फौज गेली, सहा हजारांच्या आसपास माणसं. तिचे प्रमुख थोरात.

या फौजेचं स्वागत कसं झालं बघा. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी सांगितलं, भारतीय शिपायाचा पाय माझ्या जमिनीला लागता कामा नये. मग आमचे जवान इंचॉन बंदरातल्या जहाजांवरून अमेरिकन हेलिकॉप्टरांत बसून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवले गेले. तिथं तंबूंची वसाहत उभी राहिली, तिचं नाव हिंदनगर. आणि तारांच्या आतले कैदी? भारतानं माओच्या चीनला मान्यता दिलेली, तेव्हा हे हिंदी लोक आपल्याला कम्युनिस्टांच्या हवाली करायलाच आलेत, अशी त्यांची खात्री. अनेकांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदलेल्या होत्या. काहींनी हौसेनं गोंदवलेल्या, काहींच्या जबरदस्तीनं गोंदलेल्या. ते अंग घेऊन चीनला परत जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. प्रत्येक वाड्यात त्यांचे आपले पुढारी होते, आणि परत जातो म्हणणाऱ्याचा आतल्या आतच निकाल लागायचा. पहाऱ्यावरच्या जवानांना शिव्या आणि दगड मिळत होते. त्यांनी ते सोसावेत, असा हुकूम होता.

सप्टेंबरच्या अखेरीस त्या कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला तारेच्या आत ओढलं आणि ओलीस धरलं.

आता इथं सेनापतीच्या जागी स्वतःला ठेवून बघावं. बाहेर सशस्त्र जवान, आत आपला माणूस. गोळी चालवावी तर पहिल्यांदा ग्रेवाल जातील, मग शेकडो निःशस्त्र कैदी, आणि मग भारताची तटस्थता. न चालवावी तर उद्या आणखी चार ओढले जातील.

थोरात मोजके अधिकारी घेऊन, हत्यार न घेता आत गेले. गर्दी अंगावर आली, आरडाओरडा झाला. त्या गलक्यात त्यांनी हुकूम सोडला नाही, धमकी दिली नाही, समजूतही घातली नाही. त्यांनी गाऱ्हाणं केलं. चिनी माणसाच्या पाहुणचाराची कीर्ती मी ऐकून होतो, मी इथं केव्हापासून आलोय, आणि तुमच्यापैकी कुणी मला साधा चहा की सिगारेट विचारली नाही!

निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणींत त्यांनी ही हकिकत सांगितली आहे. चहा आला. सिगारेट आली. बोलणं सुरू झालं. आणि मेजर ग्रेवालांना घेऊन थोरात तारेबाहेर आले.

मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते सोप्यात पाय पसरून बसले होते, गुडघ्याला पट्टा बांधलेला. पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "बघ. च्या दिला न्हाई. मागितला."

तेव्हा मला त्यातली मेख कळली. बाहेरून मोठी किटली भरून आत पाठवता आली असती. सरकारी चहाला काय तोटा? पण तो घेणारा कैदीच राहिला असता. उपकाराखालचा, आणखी चिडलेला. मागितल्यावर मात्र सगळी मांडणीच फिरली. त्या माणसांना कैदेत आल्यापासून कुणी काही मागितलं नव्हतं. नंबरानं मोजलं होतं, रांगेत उभं केलं होतं, पोटाला दिलं होतं. त्या दिवशी एक सेनापती त्यांच्या दारात येऊन म्हणाला, तुम्ही यजमान, मी पाहुणा, आणि तुमचं चुकतंय. हा टोमणा आहे, पण तो बरोबरीच्या माणसाला मारायचा टोमणा आहे. आणि ज्याच्या हातात आपण आपल्या हातानं कप दिला, त्याच्यावर हात उचलायला फार निगरगट्ट व्हावं लागतं. आमच्या काकूंनाही ते जमलं नाही.

थोरातांना भीती वाटली नसेल असं मी म्हणणार नाही. वाटली असणारच. पण अशा वेळी आवाज जरासा चढला असता, नजर जरा तारेकडे वळली असती, तर गर्दीला ते आधी कळलं असतं. दुसऱ्याचं मन वाचायच्या आधी आपलं तोंड आपल्या ताब्यात लागतं. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं, त्यालाच पुढं कीर्तिचक्र नाव पडलं. शौर्याचं पदक. मला ते बरोबर वाटतं. चहा मागायला तिथं छातीच लागत होती.

आणि हेही सांगून टाकते, चहानं कोरियाचा प्रश्न सुटला नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांतच तारा तोडायला धावलेल्या कैद्यांवर भारतीय जवानांना गोळी चालवावी लागली आणि माणसं मेली. पुढच्या जानेवारीत बहुतेक कैदी पुन्हा दक्षिणेच्याच बाजूला सोपवले गेले. ८८ जण असे निघाले की त्यांना कुठलीच बाजू नको होती. ते आपल्या फौजेबरोबर जहाजात बसून मद्रासला उतरले. ज्या पहारेकऱ्यांवर दगड मारले, त्यांच्याच गावाला निघाले. त्या जहाजावर काय बोलणं होत असेल, कुठल्या भाषेत, याचा मी पुष्कळदा विचार करते.

अण्णांच्या वाट्याला सगळेच साहेब त्या मेजरसारखे आले नाहीत. एक तरुण कॅप्टन होते. त्यांचं नाव अण्णा सांगत नाहीत आणि मीही विचारलं नाही. अण्णा तेव्हा हवालदार. सकाळच्या फॉलिनला कांबळ्यांची गिनती झाली आणि एक कांबळं कमी भरलं. कॅप्टनसाहेबांनी अण्णांना पुढं बोलावलं आणि पूर्ण कंपनीसमोर एक शब्द वापरला. हिंदीतला, तीन अक्षरी सुद्धा नाही. कांबळं दुपारी धोब्याकडं सापडलं. तो शब्द मात्र परत घेतला गेला नाही.

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करायचं? सॅल्यूट मारला."

पण कंपनीनं केलं. कुणी कट केला नाही, कुणी काही ठरवलं नाही. त्या संध्याकाळी ढोलकी निघाली नाही. एरवी रोज जेवणाआधी कुणीतरी ठेका धरायचा, कुणी अभंग म्हणायचं, कुणी लावणीही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. कामं सगळी वेळेवर, चोख. पण हुकमापुरती. खंदक चार फूट सांगितला तर चार फूट, वर एक बोट नाही. महिन्याच्या दरबारात सीओ साहेबांनी, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांनी, नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाचा काही पॉइंट? कुणाचा पॉइंट नव्हता. दरबारात कुणाचाच कधी पॉइंट नसतो म्हणा. पॉइंट लंगरात असतो, आणि तो ऐकायला लंगरात जाऊन जेरिकॅनवर बसावं लागतं. कॅप्टनसाहेबांना वाटलं, कंपनी शिस्तीत आली.

गोष्ट इथंच थांबली, कारण सुदैवानं त्या महिन्यांत काही घडलं नाही. पण काश्मीरमधल्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचलेल्या असतात. सुट्टीवरून, अपमानावरून डोकं फिरलेल्या जवानानं आपल्याच साहेबावर किंवा स्वतःवर रायफल रोखल्याच्या. पेपरात चार ओळी येतात. त्या चार ओळींमागं कुठंतरी एक न उघडलेलं पत्र असतं आणि ते कुणाला दिसलेलं नसतं.

आता पत्रंही राहिली नाहीत. अण्णांचं म्हणणं, पूर्वी बरं होतं. सासू-सुनेचं भांडण बारा दिवसांनी कळायचं, तोवर त्या दोघी पुन्हा एका चुलीवर भाकऱ्या थापत असायच्या. आता भांडण चालू असतानाच व्हिडिओ कॉल चौकीत पोचतो. जवान हजारो मैलांवरून ते बघतो आणि अर्ध्या तासानं पहाऱ्याला उभा राहतो. साहेबानं काय बघायचं? लिफाफ्यावरचं अक्षर तरी दिसायचं. फोन ठेवल्यावरचा चेहरा अंधारात दिसत नाही.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आपल्याकडे प्रत्येक व्याख्यानात येतं, म्हणून इथं उतरवत नाही. रयतेला लुटू नका, एवढाच त्याचा अर्थ सांगितला जातो. मला त्यातला उंदीर आठवतो. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात घेऊन जाईल आणि गवताच्या गंजी पेटतील. एवढ्या मोठ्या मुलखाचा कारभार डोक्यावर असलेला माणूस लांबच्या छावणीतला उंदीर डोळ्यांपुढं आणतो. खानापूरच्या पोराचं पत्र बघणारी नजर त्याच घराण्यातली.

पण या सगळ्यात मला खुपणारी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या लक्षात अण्णांनीच आणून दिली. मी त्या मेजरसाहेबांचं फारच कौतुक करायला लागले तेव्हा ते म्हणाले, "चांगला साहेब लई महाग पडतो."

म्हणजे काय? तर वाईट साहेबाचा हुकूम माणूस हुकमापुरता पाळतो, आपला जीव राखून. चांगल्या साहेबाला नाही म्हणता येत नाही. त्यानं तुझ्या म्हशीची चौकशी केलेली असते, तुझ्या हातचा चहा प्यायलेला असतो. आणि एक दिवस तोच तुला सांगतो, समोरच्या टेकडीवर जायचंय. तेव्हा पाय आपोआप उचलतो. मन ओळखणं हे औषध आहे तसं हत्यारही आहे. शत्रूवर चालतं, तसं आपल्या माणसावरही.

जनरल थोरातांनी हेही केलेलं आहे. जानेवारी १९४५ च्या अखेरीस, ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉची लढाई झाली. एकाच ब्रिगेडमधल्या तीन पलटणींचे प्रमुख हिंदी होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही त्या लढाईसाठी डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. थोरातांची पलटण दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी. जपान्यांनी धरलेल्या टेकडीवर त्यांचे जवान संगिनी लावून चढले. वर जे झालं ते हातघाईचं होतं. खाली कितीजण परत आले नाहीत, ते त्या पलटणीच्या घराघरांत माहीत असेल. असा हुकूम देणारा माणूस आणि आठ वर्षांनी कैद्यांकडे चहा मागणारा माणूस एकच. मी पहिल्यांदा हे शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा जुळेना. आता वाटतं, टेकडीवर पलटण ज्या कारणानं चढली, त्याच कारणानं गर्दीनं कप पुढं केला. त्या कारणाला चांगलं म्हणावं की भयंकर, हे टेकडीच्या कुठल्या बाजूला तुमचा मुलगा आहे त्यावर ठरतं. आई तर अण्णांच्या चोवीस वर्षांत एकाही साहेबाला चांगलं म्हणाली नाही. "गोड बोलून न्हेत्यात," एवढंच.

आणखी एक. माणूस ओळखण्याची ही विद्या वर चालत नाही. थोरात पुढं ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले. नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची, हद्द त्यांच्याकडं. चीन उतरला तर आपण आहोत त्या तयारीत टिकणार नाही, हे त्यांनी मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाच्या सरावात नकाशावर मांडून दाखवलं. दिल्लीनं कानाआड केलं. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६२ मध्ये व्हायचं ते झालं. अंगावर धावून येणाऱ्या कैद्यांना ज्याचं म्हणणं पटलं, त्याचं स्वतःच्या सरकारला पटलं नाही. कैद्यांना निदान काहीतरी हवं होतं. ज्याला काहीच ऐकायचं नाही, त्याच्याकडं चहा मागून तरी काय होणार?

माझा भाचा, म्हणजे अण्णांचा नातू, गेल्या वर्षी एसएसबीसाठी, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी, भोपाळला गेला होता. पाच दिवस असतात. पहिल्याच दिवशी चाळणी लागते, मग मानसशास्त्राच्या चाचण्या, मैदानावर फळ्या, दोर आणि ड्रम घेऊन गटानं अडथळे पार करणं, मुलाखत आणि शेवटी सगळ्या परीक्षकांसमोर कॉन्फरन्स. नाव विसरायचं, छातीवरचा नंबर तेवढा खरा. भाच्यानं क्लास लावला होता, वही भरली होती. त्यात अधिकाऱ्याचे गुण एकाखाली एक, लाल शाईनं अधोरेखित. जायच्या आदल्या रात्री त्यानं अण्णांना विचारलं होतं, "आजोबा, तुमच्या साहेबांकडे इमोशनल इंटेलिजन्स होतं का?" अण्णा म्हणाले, "एकाकडं हुतं. एकाकडं कांबळं हुतं." त्याला ते कळलं नाही.

शेवटच्या दिवशी नंबर पुकारले त्यात त्याचा नंबर नव्हता.

मिरजेला गाडी पहाटे आली. मी रजेवर गावीच होते. तो आला, पाठपिशवी टाकली, आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या, पाया पडला आणि आतल्या खोलीत गेला. दार लावलं नाही, पण लोटलं. आईनं पोहे नेऊन ठेवले, ते तसेच राहिले. भावानं दोनदा दाराशी जाऊन सांगितलं, पुढच्या वेळी होईल, किती जणांचं पाचव्या-सहाव्या वेळी होतं. मीही आत जाऊन पाठीवर हात ठेवला आणि बँकेच्या परीक्षांचं काहीतरी बोलले. बोलता बोलताच मला कळलं, की हे चुकतंय. तो "हं आत्या" म्हणाला आणि फोनकडं बघत राहिला.

दुपार कलली तशी अण्णांनी सोप्यातून हाक मारली.

"बाळ्या, च्या टाक रं जरा."

आई चुलीपुढूनच म्हणाली, मी टाकते. अण्णांनी तिच्याकडं नुसतं बघितलं. ती गप्प बसली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा असेल.

आतून आवाज आला, "मला येत नाही, आजोबा."

"मला तरी कुठं आलता? गूळ वरच्या फळीवर हाय. आधी कोरा उकळ."

बराच वेळ काही हललं नाही. मग दाराचा करकर आवाज झाला. तो स्वयंपाकघरात गेला, फळीवरचे डबे उघडले-लावले, विचारलं, "किती गूळ?" अण्णा म्हणाले, "तुझ्या अंदाजानं." त्यानं अंदाज केला. पातेलं लहान घेतलं, त्यात दूध ओतलं आणि कपबश्या शोधायला वळला. दूध फाटलं आणि वर उतूही गेलं. गॅसवर, ओट्यावर, आईनं सकाळीच पुसलेल्या फरशीवर.

आई ओरडली. अण्णांनी पट्टा बांधलेला गुडघा सावरत भिंतीला धरून उठायला सुरुवात केली.

"थांब," ते म्हणाले, "आलो. दुसरं टाकू."